युद्ध संपल्यावर सीमेवरची वस्ती कशी बदलते? तलासरी, डहाणू आणि नगर हवेलीचे आकडे काय सांगतात

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला तलासरी तालुका आहे. २०११ च्या जनगणनेनुसार तिथल्या दर १०० माणसांपैकी सुमारे ९० माणसं आदिवासी होती. तलासरीला लागूनच दादरा आणि नगर हवेली आहे. तिथे याच जनगणनेत आदिवासींचं प्रमाण १०० पैकी ५२ भरलं.

सीमेच्या दोन्ही बाजूंना वारली, कोकणा, धोडिया याच जमाती राहतात. त्यांच्यात सोयरीक होते, बोलीही एकमेकींच्या जवळच्या आहेत. १९७१ मध्ये नगर हवेलीतही दर १०० माणसांमागे सुमारे ८७ आदिवासी होते. मग पुढच्या ४० वर्षांत असं काय घडलं की एका बाजूचं चित्र फारसं हललं नाही आणि दुसऱ्या बाजूचं पार बदलून गेलं?

या भागावरून लढाया झाल्या आहेत, राज्यकर्ते बदलले आहेत. पण वस्तीत मोठा बदल लढाईच्या दिवसांत झाला नाही. लढाईनंतर कुठल्या बाजूला जमिनीचे, कराचे आणि कारखान्यांचे कोणते नियम लागू झाले, यावर तो ठरला. वाढवण बंदर आणि येऊ घातलेली जनगणना यांमुळे हा जुना हिशोब आता पुन्हा महत्त्वाचा झाला आहे.

ही सीमा आली कुठून?

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई जिंकली. त्याच मोहिमेत डहाणूसह उत्तर कोकणातली ठाणी पोर्तुगीजांच्या हातून गेली. त्यांच्याकडे दमण तेवढं राहिलं.

पुढे पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. मराठा आरमाराने पोर्तुगीजांच्या एका जहाजाचं नुकसान केलं होतं. त्याची भरपाई आणि मैत्रीची किंमत म्हणून १७७९ च्या करारानुसार नगर हवेलीतल्या गावांचा महसूल पोर्तुगीजांना देण्याचं ठरलं. १७८३ मध्ये ही गावं त्यांच्या ताब्यात गेली आणि १७८५ मध्ये दादराही त्यांच्याकडे आलं. महसुलाच्या त्या व्यवहारातून एका सलग आदिवासी पट्ट्याचे दोन भाग झाले, आणि ती रेघ आजही टिकून आहे.

डोंगर आणि जंगलातल्या पाड्यांवर राहणाऱ्यांच्या दृष्टीने फरक पडला तो सारा कोणाला द्यायचा एवढाच. माणसं जागची हलली नाहीत.

दुसरं महायुद्ध आणि वारल्यांचा उठाव

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात डहाणू आणि तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यात बहुतेक जमीन सावकार आणि जमीनदारांच्या हाती गेली होती. ज्यांनी जंगल तोडून शेतं केली तेच तिथे कूळ झाले. त्यांच्यावर वेठबिगार लादली गेली, म्हणजे जमीनदाराच्या शेतावर फुकट राबणं. याहून वाईट पद्धत लग्नगडीची होती. लग्नासाठी थोडं कर्ज काढायचं आणि त्याच्या बदल्यात नवरा-बायकोने सावकाराकडे वर्षानुवर्षं, कधी जन्मभर, राबायचं. मुंबई सरकारने नेमलेले अधिकारी डी. सिमिंग्टन यांनी १९३९ च्या अहवालात या पद्धतींची नोंद केली आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. २३ मे १९४५ रोजी आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावात हजारो वारली जमले. वेठ आणि लग्नगडी बंद, असं तिथे जाहीर झालं. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली गवत कापणीच्या मजुरीसाठीही लढा सुरू झाला. ५०० पौंड गवतामागे अडीच रुपये द्या, ही मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा इथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांचा बळी गेला.

या लढ्याचा लोकसंख्येशी थेट संबंध आहे. बांधलेल्या गड्याला स्वतःचं घर नसतं आणि जमिनीवर त्याचा हक्कही नसतो. मालक सांगेल तिथे त्याने राहायचं. वेठ संपली, १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासून कसणाऱ्याला जमिनीची मालकी मिळण्याची वाट खुली झाली. अंमलबजावणी अर्धवट राहिली, अनेक कुळांचं नाव सातबाऱ्यावर चढलंच नाही. तरी ज्यांचं चढलं त्यांचे पाय त्या मातीत रोवले गेले. तलासरीच्या आजच्या आकड्यामागचं पहिलं कारण इथे सापडतं.

१९५४: सीमेपलीकडची सत्ता गेली

जुलै १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेलीतली पोर्तुगीज सत्ता उलथवण्यासाठी स्वयंसेवकांच्या तुकड्या आत शिरल्या. त्यांत गोमंतकीय गट होते, आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे कार्यकर्ते होते. कम्युनिस्ट पक्षाच्या नेतृत्वाखाली सीमाभागातले वारलीही या लढ्यात उतरले होते. २२ जुलैला दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झालं.

भारत सरकारने हा प्रदेश लगेच आपल्यात सामील करून घेतला नाही. पोर्तुगाल आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला होता. या प्रदेशात जाण्यासाठी भारताच्या भूमीतून वाट मिळावी, असा त्याचा दावा होता. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला, आणि भारताने पोर्तुगीज सैन्याची वाट अडवून कुठल्याही बंधनाचा भंग केलेला नाही, असं न्यायालयाने म्हटलं. मधली सात वर्षं तिथे वरिष्ठ पंचायतीचा कारभार होता. ११ ऑगस्ट १९६१ रोजी दादरा आणि नगर हवेली हा केंद्रशासित प्रदेश झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘ऑपरेशन विजय’मध्ये गोवा आणि दीवसोबत जवळचं दमणही भारतात आलं.

दरम्यान १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन भाग झाले. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेला उंबरगाव तालुकाही विभागला गेला. ४७ गावं आणि ३ शहरं गुजरातच्या सुरत जिल्ह्याला मिळाली, ती आज वलसाड जिल्ह्यात आहेत. उरलेली २७ गावं आधी डहाणू तालुक्याला जोडली गेली आणि १९६१ मध्ये त्यांचा तलासरी महाल झाला. तोच पुढे तलासरी तालुका बनला.

म्हणजे १९६१ संपेपर्यंत आदिवासींच्या एकाच पट्ट्यावर तीन वेगवेगळी सरकारं आली: महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्र. त्यांचे कायदेही तीन तऱ्हांचे होते. वस्तीची खरी कहाणी इथून पुढे वेगळी होत जाते.

नगर हवेलीत लोकसंख्या सहापट कशी झाली?

१९६१ मध्ये दादरा आणि नगर हवेलीची लोकसंख्या ५७,९६३ होती. २०११ मध्ये ती ३,४३,७०९ झाली. ५० वर्षांत ही जवळपास सहापट वाढ आहे. यातली मोठी उडी शेवटच्या २० वर्षांतली आहे.

याचं मुख्य कारण करसवलत. १९८० च्या दशकापासून इथल्या कारखान्यांना विक्रीकर आणि प्राप्तिकरात मोठ्या सवलती मिळू लागल्या. मुंबई आणि सुरत जवळ होतं, वापीचं स्टेशन आणि महामार्ग शेजारीच होता. पॉलिएस्टर धागा, प्लास्टिक आणि अशा कितीतरी मालाचे कारखाने सिल्वासाच्या आसपास उभे राहिले आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, राजस्थान, महाराष्ट्र, गुजरातमधून कामगार आले. २००१ मध्ये या प्रदेशातले सुमारे २३ टक्के लोक शहरी भागात राहत होते. २०११ मध्ये हा आकडा ४७ टक्क्यांच्या जवळ गेला.

आदिवासींचं प्रमाण १९९१ मध्ये ७९ टक्के होतं. ते २००१ मध्ये ६२ वर आणि २०११ मध्ये ५२ टक्क्यांवर आलं.

समाजमाध्यमांवर असा आकडा दिसला की लगेच ‘आदिवासी संपत चालले’ किंवा ‘आदिवासींना हाकललं’ अशी वाक्यं फिरू लागतात. पण टक्का आणि संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००१ मध्ये नगर हवेलीत १,३७,२२५ आदिवासी होते, २०११ मध्ये १,७८,५६४. त्यांची संख्या दहा वर्षांत ३० टक्क्यांनी वाढली. मात्र याच काळात एकूण लोकसंख्या ५६ टक्क्यांनी वाढली. बाहेरून येणाऱ्यांचा वेग जास्त असल्यामुळे टक्का खाली आला.

दमणमध्ये हे आणखी ठळक दिसतं. २००१ मध्ये तिथे १,१३,९८९ लोक होते, २०११ मध्ये १,९१,१७३. त्या वर्षी दमण जिल्ह्यात दर १,००० पुरुषांमागे फक्त ५३४ स्त्रिया होत्या. देशात हे सर्वांत कमी प्रमाण होतं. मुलींचा जन्मदर हे त्याचं मुख्य कारण नव्हतं. घरदार गावी ठेवून एकटे आलेले पुरुष कामगार तिथे हजारोंच्या संख्येने राहत होते. युद्धाने जिंकलेल्या प्रदेशाची लोकसंख्या इतकी बदलली, पण ती सैन्यामुळे बदलली नाही. कारखान्याच्या पाळीसाठी आलेल्या माणसांमुळे बदलली.

तलासरी-डहाणूत तसं का झालं नाही?

यामागे तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण जमिनीचं. तलासरी आणि डहाणूचा आदिवासी भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १९७४ मध्ये घातलेल्या कलम ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला देण्यासाठी जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि विक्रीसाठी सरकारची पूर्वमान्यताही. हातची गेलेली जमीन आदिवासींना परत मिळवून देण्यासाठीचा कायदाही त्याच काळात झाला. पळवाटा निघाल्या, खटले वर्षानुवर्षं चालले. तरी नगर हवेलीसारखी मोठ्या प्रमाणावर जमीन कारखान्यांकडे गेली नाही. दादरा आणि नगर हवेलीला पाचवी अनुसूची लागू नाही, हा फरक इथे महत्त्वाचा ठरतो.

दुसरं कारण पर्यावरणाचं. २० जून १९९१ रोजी केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित केला. प्रदूषण करणाऱ्या ‘लाल’ गटातल्या उद्योगांना बंदी आली, उद्योगांसाठी एकूण ५०० एकरांची मर्यादा ठरली आणि तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा संरक्षक पट्टा आला. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ ऑक्टोबर १९९६ च्या आदेशानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. ५०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र त्याआधीच उभं राहिलं होतं, पण त्यामागोमाग कारखान्यांची रांग लागली नाही. घोलवडच्या चिकूच्या वाड्या टिकल्या.

तिसरं कारण राजकारणाचं. १९४५ च्या लढ्यातून उभी राहिलेली संघटना इथे आजही जिवंत आहे. डहाणू विधानसभा मतदारसंघातून २०१९ आणि २०२४ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले निवडून आले. जमिनीचा प्रश्न निघाला की इथे मोर्चा निघतो, आणि व्यवहार करणाऱ्यांना त्याची दखल घ्यावी लागते.

परिणाम आकड्यांत दिसतो. २००१ ते २०११ या दहा वर्षांत तलासरीची लोकसंख्या सुमारे १ लाख २१ हजारांवरून १ लाख ५५ हजारांवर गेली. डहाणूची सुमारे ३ लाख ३२ हजारांवरून ४ लाख २ हजार झाली, आणि तिथे आदिवासींचं प्रमाण ६९ टक्क्यांच्या आसपास होतं. याच दहा वर्षांत त्याच जिल्ह्यातला वसई तालुका सुमारे ८ लाखांवरून १३ लाख ४३ हजारांवर पोचला.

मग तलासरी-डहाणूचा फायदाच झाला का?

असं सरळ म्हणता येत नाही. माणसं गावात टिकली, पण रोजगार सीमेपलीकडे गेला. तलासरीतून रोज हजारो लोक भिलाड, सरीगाम, उंबरगाव, वापी आणि सिल्वासाच्या कारखान्यांत कामाला जातात. दिवाळीनंतर अनेक पाडे अर्धे रिकामे होतात. कुटुंबंच्या कुटुंबं वसई, भिवंडी, ठाण्याकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मुलांची शाळा मधेच सुटते.

काही जण गुजरातच्या पोरबंदर, वेरावळ, ओखा या बंदरांत मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातात. बोट सागरी सीमेजवळ गेली की पाकिस्तानची यंत्रणा पकडते. पालघर जिल्ह्यातल्या अशा खलाशांनी कराचीच्या तुरुंगात वर्षं काढली आहेत. दोन देशांत तणाव वाढला की त्यांची सुटका लांबते आणि इकडे घर चालवण्याचा भार बायकोवर येतो. डहाणू-तलासरीच्या घरांपर्यंत आजची सीमा आणि आजचा संघर्ष अशा वाटेनेही पोचतो.

जनगणनेत हे लोक कुठे मोजले जातात?

पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. २०११ मध्ये प्रत्यक्ष मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली होती. त्या संपूर्ण काळात जो माणूस घरी नसेल, त्याला तो जिथे सापडेल तिथे मोजायचं, असा नियम होता. फेब्रुवारी म्हणजे वीटभट्ट्यांचा ऐन हंगाम. तेव्हा तलासरीच्या पाड्यावरचं कुटुंब भिवंडीत मोजलं जाण्याची, किंवा कुठेच न मोजलं जाण्याची शक्यता राहते.

भिवंडीत मोजलं गेलं तर राज्याच्या आदिवासी लोकसंख्येत ते धरलं जातं, पण तलासरीच्या आकड्यातून वजा होतं. आणि याच आकड्यांवर पुढच्या अनेक गोष्टी ठरतात. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेनंतर मतदारसंघांची पुनर्रचना होऊ शकते. अनुसूचित जमातींसाठी कोणत्या जागा राखीव ठेवायच्या, हे लोकसंख्येतल्या त्यांच्या प्रमाणावरून ठरतं. सध्या पालघर जिल्ह्यातल्या सहापैकी चार विधानसभा जागा राखीव आहेत: डहाणू, विक्रमगड, पालघर आणि बोईसर. पालघर लोकसभा मतदारसंघही राखीव आहे. जिल्ह्याच्या दक्षिणेला वसई-विरार झपाट्याने वाढतंय, त्यामुळे उत्तरेतलं प्रत्येक न मोजलेलं घर महत्त्वाचं आहे.

एक गोष्ट मात्र टक्क्यावर अवलंबून नाही. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रात सरपंचपद आदिवासींसाठीच राखीव असतं आणि जमीन संपादनाआधी ग्रामसभेशी किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीशी सल्लामसलत करावी लागते. टक्का घसरला म्हणून हा दर्जा आपोआप जात नाही. तो बदलायचा तर राष्ट्रपतींचा आदेश लागतो.

वाढवण बंदर आल्यावर काय होईल?

डहाणू तालुक्यातल्या वाढवण इथे सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पायाभरणी झाली. त्याआधी जुलै २०२३ मध्ये डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने प्रकल्पाला ना हरकत दिली होती. मच्छीमार संघटनांचा विरोध कायम आहे. याच पट्ट्यातून बुलेट ट्रेन, मालवाहतुकीचा स्वतंत्र रेल्वेमार्ग आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग जातात.

बंदरातून प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष मिळून सुमारे १२ लाख रोजगार निर्माण होतील, असं केंद्र सरकारने म्हटलं आहे. हे सगळे रोजगार डहाणूत असतील असं नाही. पण २०११ मध्ये आख्ख्या डहाणू तालुक्याची लोकसंख्या ४ लाख होती, हे लक्षात घेतलं तर त्यातला छोटा हिस्साही इथे आला तरी काय होईल याचा अंदाज येतो.

नगर हवेलीचा अनुभव इथे कामी येतो. बाहेरून माणसं येणं हा काही गुन्हा नाही. सिल्वासाच्या धागा कारखान्यातला बिहारचा कामगार आणि भिवंडीच्या वीटभट्टीवरचा तलासरीचा वारली, दोघंही पोटासाठीच घर सोडतात. प्रश्न इतकाच की बदल होताना मूळ रहिवाशांच्या हाती काय उरतं. ज्यांच्याकडे सातबारा आहे, बंदरातल्या कामाचं प्रशिक्षण आहे आणि ज्यांची ग्रामसभा ऐकली जाते, त्यांचा टक्का कमी झाला तरी ते गावातच उभे राहू शकतात. हे नसेल तर संख्या वाढूनही ते आपल्याच गावात रोजंदारीवर येतात.

सीमाभागातल्या लोकसंख्येबद्दलचा एखादा मेसेज मोबाईलवर आला, तर पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. आकडा संख्येचा आहे की टक्क्याचा? मोजणी कोणत्या महिन्यात झाली? आणि त्या गावातली जमीन आज कोणाच्या नावावर आहे? डहाणू आणि तलासरीत काय बदललं हे २०२७ चा आकडा सांगेल, पण ते का बदललं हे कळायला सातबाराही पाहावा लागेल.